न उच्चारायचे वाक्य

अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड असो वा घाटकोपर, मुंबईच्या कोणत्याही उपनगरातील सोनोग्राफी केंद्रात एक पाटी हमखास आढळते. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर इंग्रजीत आणि मराठीत लिहिलेला असतो. डोळ्यांना ती इतकी सरावली आहे की कोणी ती वाचत नाही. पण क्षणभर मजकूर म्हणून तिच्याकडे पाहावे. दुकानाची पाटी आत काय मिळते ते सांगते. ही पाटी आत काय मिळत नाही ते सांगते, आणि ते सांगण्याची सक्ती तिच्यावर आहे. किराणा दुकानदाराला 'येथे भेसळ केली जात नाही' असे लिहावे लागत नाही. वैद्यकीय व्यवसायाला मात्र आपल्या सचोटीची ग्वाही भिंतीवर टांगावी लागते. ही वेळ त्याच्यावर कशी आली, हा या लेखाचा विषय आहे. उपनगरात आयुष्यभर प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करून निवृत्त झालेल्या माणसाला या प्रश्नापासून अलिप्त राहता येत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

ज्या केंद्रीय कायद्यामुळे ही पाटी लागली तो १९९४ सालचा. त्याच्या पाचव्या कलमात असे म्हटले आहे की गर्भाचे लिंग गर्भवती स्त्रीला, तिच्या नातेवाइकांना वा अन्य कोणाला शब्दांनी, खुणांनी किंवा इतर कोणत्याही प्रकारे कळवता येणार नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी या कलमाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. कायदे सहसा कृतीला मनाई करतात. येथे मनाई एका वाक्याला आहे. 'मुलगी आहे' हे दोन शब्दांचे वाक्य जितके निषिद्ध तितकेच 'मुलगा आहे' हेही. वरवर पाहता दुसरे वाक्य निरुपद्रवी वाटते, कारण ते ऐकून कोणी गर्भपाताला धावत नाही. परंतु ते उच्चारण्याची मुभा दिली, तर डॉक्टरच्या मौनालाच 'मुलगी' असा अर्थ येईल. म्हणून दोन्ही वाक्ये एकदमच बंद करावी लागली. बंदी घातलेला अर्थ मग इतर वाटा शोधू लागला. पेढा म्हणजे मुलगा आणि जिलेबी म्हणजे मुलगी. 'जय श्रीकृष्ण' म्हणजे एक आणि 'जय माता दी' म्हणजे दुसरे. निळ्या शाईची सही आणि लाल शाईची सही, अशा खुणांच्या बातम्या वेळोवेळी छापून आल्या. ज्या देवीच्या नावाने स्त्रीत्वाची पूजा बांधायची, तिचेच नाव मुलीच्या गर्भाचा निरोप देण्यासाठी वापरले जावे, याहून कडवट उपरोध एखाद्या कथाकाराला तरी सुचला असता का?

मुलग्याची आस अर्थातच यंत्राने आणलेली नाही. आपल्या सोळा संस्कारांत पुंसवन आहे, आणि त्याचा हेतू पुत्रप्राप्ती हाच आहे. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादात मुलींची संख्या दिलेली नाही. मुलींना जन्मतःच मारण्याचाही इतिहास आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट थॉमस कथीड्रलमध्ये जोनाथन डंकन या गव्हर्नराचे स्मारक आहे. बनारस आणि काठेवाड येथील बालहत्या बंद झाल्याचा उल्लेख त्यावर कोरलेला आहे. काठेवाडातील काही घराण्यांत मुली जगू दिल्या जात नसत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याविरुद्ध करारनामे लिहून घेण्यात आले. तरीही १८७० साली सरकारला स्त्री-बालहत्या प्रतिबंधक कायदा करावा लागला. दगडावर कोरलेले सगळेच काही खरे नसते. इकडे पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथील प्रश्न विधवांच्या अपत्यांचा, म्हणजे निराळा होता. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, तीही सुरतेच्या एका विधवेवरील अर्भकहत्येच्या खटल्याने संतप्त होऊन. या सर्व इतिहासात एक गोष्ट समान आहे. हत्या घरात होत असे, आप्तांच्या वा सुईणीच्या हातून होत असे, आणि शिकलेला वैद्य, न्यायाधीश व सुधारक हे पलीकडच्या बाजूला उभे असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टरने ही रेषा ओलांडली.

ही रेषा ओलांडली गेली ती एका चांगल्या शोधाच्या निमित्ताने. गर्भाशयातील पाणी सुईने काढून त्यातील पेशी तपासण्याच्या पद्धतीला मराठीत 'गर्भजल परीक्षा' हे नाव रूढ झाले. गुणसूत्रांतील दोष किंवा हिमोफिलियासारखे लिंगाशी निगडित आजार ओळखणे हा तिचा हेतू. गर्भाचे लिंग तीत अनायासे कळे. १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला होता आणि १९७२ पासून तो अमलात होता. १९७०च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या परीक्षेचे प्रयोग सुरू झाले, आणि लिंग कळताच मुलीचा गर्भ पाडून घेण्याची मागणी पुढे आली. १९७८च्या सुमारास सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी ही परीक्षा करण्यास मनाई झाली. येथे आपल्या सार्वजनिक व्यवहाराचा एक नेहमीचा न्याय दिसतो. सरकारी दवाखान्यात जे निषिद्ध ठरले त्याला खाजगी दवाखान्यात भाव आला. १९८२ साली अमृतसरमध्ये चुकून मुलग्याचा गर्भ पाडला गेल्याची बातमी आली, तेव्हा कुठे देशात गहजब झाला. तोपर्यंत मुलींचे गर्भ अचूकपणे पाडले जात होते. त्याची बातमी होत नव्हती.

मुंबईच्या उपनगरांशी या प्रकरणाचा संबंध योगायोगाचा नाही. गिरगाव-दादरच्या चाळींतून निघालेला मध्यमवर्ग साठ-सत्तरच्या दशकांत बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या सदनिकांत स्थिरावत होता. घाटकोपरला राजावाडी, बोरिवलीला भगवती, विलेपार्ल्याला कूपर अशी महापालिकेची रुग्णालये होती, पण वाढत्या वस्तीला ती पुरणारी नव्हती. निवासी इमारतींच्या तळमजल्यांवर व पहिल्या मजल्यांवर खाजगी प्रसूतिगृहे निघाली. बहुतेक डॉक्टर पहिल्या पिढीचे. जागेसाठी, यंत्रांसाठी कर्ज काढलेले. समोर आलेली जोडपीही तशीच, हप्ते फेडणारी. 'हम दो, हमारे दो' हा लाल त्रिकोणाचा संदेश त्यांनी मनापासून स्वीकारला होता. परंतु आठ मुलांच्या कुटुंबात मुलग्याची इच्छा दैवावर सोपवता येते. दोनांच्या कुटुंबात तिला तशी वाट राहत नाही. पहिली मुलगी झाली की दुसऱ्या खेपेला 'खात्री' हवी असे. लहान कुटुंबाचा आधुनिक आदर्श आणि वंशाच्या दिव्याची जुनी ओढ यांची गाठ येथे पडली, आणि ती बांधून देणारा माणूस डॉक्टर होता. लोकलच्या डब्यांतून या परीक्षेच्या जाहिराती लागत. आज पाचशे रुपये खर्च करा आणि उद्याचा हुंड्याचा खर्च वाचवा, असा त्यांचा आशय असे. रोज लोकलने कामावर जाणाऱ्या बायकाही त्या जाहिराती वाचत उभ्या असत.

१९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांपैकी ४२ जण, म्हणजे ८४ टक्के, लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत असल्याचे आढळले. हा आकडा मला आजही अस्वस्थ करतो. हे काम मूठभर नासक्या आंब्यांचे आहे, असे म्हणण्याची सोय त्याने ठेवली नाही. ते व्यवसायाचे बहुमत होते. या बहुमताची कारणे आम्हा सर्वांना पाठ होती. 'आम्ही नाही केले तर दुसरा करील.' 'मुलगी जन्माला येऊन हाल होण्यापेक्षा हे बरे.' 'लोकसंख्या आटोक्यात येईल.' आणि सर्वांत सभ्य कारण, 'निर्णय तिचा आहे, आम्ही केवळ माहिती देतो.' चौथी मुलगी झाली तर घराबाहेर पडावे लागेल या भीतीने पदर तोंडाला लावून बसलेल्या बाईला 'निर्णय तिचा आहे' असे म्हणणे म्हणजे शब्दांचा किती गैरवापर, हे तपासणीच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होते.

विरोध उभा राहिला तोही याच शहरात. स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही वैज्ञानिक यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास लिंगनिदान व लिंगनिवडीविरुद्ध एक मंच स्थापला. विभूती पटेल, छाया दातार, पुढे 'खेळघर' ही कादंबरी लिहिणारे रवींद्र रुक्मिणी पंढरीनाथ ही त्यातील मराठी वाचकांना परिचित नावे. विधिमंडळात हा प्रश्न अशासकीय विधेयकाद्वारे लावून धरला तो गोरेगावच्या मृणाल गोरे यांनी. पाण्यासाठी व महागाईविरुद्ध लढणाऱ्या 'पाणीवाली बाई' म्हणून उपनगरांनी त्यांना ओळखले. त्यांच्या चरित्रातील एक तपशील मात्र येथे अर्थपूर्ण ठरतो. तरुणपणी त्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या, आणि राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी त्यांनी ते शिक्षण सोडले. पदवी घेतलेल्या डॉक्टरांना ज्या मर्यादेची आठवण स्वतःहून झाली नाही, ती डॉक्टर न झालेल्या एका बाईने करून दिली. १९८८ साली महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदान तंत्राच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. देशातील असा तो पहिला कायदा होय.

कायदा झाला, पण लोकलमधल्या जाहिराती गेल्या एवढाच बदल बराच काळ दिसत होता. तोवर सोनोग्राफी आली होती. सुई नको, पेशींच्या वाढीसाठी आठवडे थांबणे नको. पडद्यावर पाहिले आणि सांगितले. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला, आणि कागदावर राहिला. २००० साली मुंबईची 'सेहत' ही संशोधन संस्था, पुण्याची 'मासूम' ही संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मे २००१ मध्ये न्यायालयाने राज्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले. त्याच वर्षीच्या जनगणनेचे आकडे बोलके होते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ उरल्या. २०११ साली ८९४. साक्षरता, उत्पन्न आणि दवाखाने या काळात वाढले होते. शिक्षणाने हे थांबेल, असे मानणाऱ्या आमच्या पिढीला या आकड्यांनी निरुत्तर केले. २००३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. मुंबईतील एका दांपत्याने, आपल्याला मुली आहेत आणि कुटुंबाचा समतोल साधण्यासाठी मुलगा निवडण्याचा हक्क असावा, अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयात केली. २००७ साली ती फेटाळली गेली. 'समतोल' हा शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. फक्त मुलगे असलेल्या किती घरांना तो आठवला?

अंमलबजावणीचा सर्वांत चर्चिला गेलेला प्रयोग कोल्हापुरात झाला. तेथील जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारे उपकरण जोडले. त्याविरुद्ध क्षकिरणतज्ज्ञांची संघटना न्यायालयात गेली, आणि २०११ साली उच्च न्यायालयाने उपकरणाच्या बाजूने कौल दिला. देशमुख कथाकारही असल्याने याच विषयावर त्यांचा 'सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी' हा संग्रह आहे. प्रशासकाचा अहवाल आणि लेखकाची कथा एकाच अनुभवातून निघावी, असे उदाहरण आपल्याकडे विरळ. २०११ सालीच सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्याचा समारंभ झाला. त्या मुलींना निदान नाव तरी मिळाले होते. २०१२ साली परळीचे आणि मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळचे प्रकरण उघडकीस आले. म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

येथवर वाचून माझ्या व्यवसायबंधूंना हा लेख एकतर्फी वाटेल. त्यांची तक्रार मला ठाऊक आहे आणि ती पोकळ नाही. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी 'फॉर्म एफ' भरावा लागतो. त्यातील एखादा रकाना रिकामा राहिला म्हणून यंत्र सील होते आणि फौजदारी खटला उभा राहतो, तर पेढा-जिलेबीवाला सुटतो, कारण त्याचे कागद नेहमी चोख असतात. सप्टेंबर २०१६ मध्ये देशभरातील क्षकिरणतज्ज्ञांनी या मुद्द्यावर संप केला. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मे २०१९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की हा फॉर्म निव्वळ कारकुनी नाही. तो न भरणे म्हणजे गुन्ह्याचा पुरावाच नाहीसा करणे होय. निर्णय कठोर आहे, पण त्यामागील तर्क नाकारता येत नाही. बंद खोलीत दोन माणसांत उच्चारलेल्या वाक्याला साक्षीदार नसतो. राहतो तो कागद. आम्ही एकमेकांवर लक्ष ठेवले असते, आमच्या वैद्यकीय परिषदांनी १९८६ सालीच त्या ४२ जणांना जाब विचारला असता, तर कागदावर इतका भार पडला नसता. स्वनियमन न करणाऱ्या व्यवसायावर कारकुनी नियमन येते. ते आंधळे असते हे खरे. पण त्याला वाट आपणच करून दिलेली असते.

२०२४ सालच्या ऑक्टोबरात गोव्यात बोलताना भारतीय वैद्यक संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षांनी एक सूचना केली. ही बंदी उठवावी, लिंग उघड सांगावे आणि मुलीचा गर्भ असेल त्या गर्भारपणावर शेवटपर्यंत लक्ष ठेवावे. २०१६ साली एका केंद्रीय मंत्र्यांनीही असाच विचार मांडला होता. या सूचनेत आकर्षण आहे. डॉक्टरला मौनाच्या सक्तीतून मुक्ती मिळते, आणि रुग्णाला स्वतःच्या शरीराविषयीची माहिती मिळते. वैद्यकीय नीतीत सत्यकथनाला मोठे स्थान आहे आणि हा कायदा डॉक्टरला सत्य दडवायला लावतो, हा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या वजनदार आहे. पण त्या पाळतीचा विषय कोण होणार, याचा विचार करावा. आज नोंद यंत्राची आणि डॉक्टरची ठेवली जाते. उद्या नोंद गर्भवतीची ठेवली जाईल. नैसर्गिकरीत्या गर्भपात झालेल्या बाईला आपले निर्दोषत्व शाबीत करावे लागेल. १९९४च्या कायद्याने स्त्रीला पती-नातेवाइकांच्या दबावाखालची मानून संरक्षण दिले आणि संशयाचा भार डॉक्टरवर टाकला. नव्या सूचनेत तो भार अलगद तिच्या डोक्यावर येतो. शिवाय आता आईच्या रक्तातील गर्भाचा डीएनए तपासून दहाव्या आठवड्याच्या सुमारास लिंग कळू शकते. ते सांगण्यावरही याच कायद्याने बंदी आहे. रक्ताची नळी मात्र कुठेही पाठवता येते. इतक्या लवकर कळलेली गोष्ट शेवटपर्यंत कोणती यंत्रणा सांभाळणार?

याच संदर्भात एका शब्दाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. मराठीत 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द इतका रुळला आहे की त्याला पर्याय सुचत नाही. चळवळीतील अनेकांनी त्याऐवजी 'गर्भलिंगनिवड' म्हणावे असा आग्रह धरला, आणि तो योग्य होता. 'हत्या' म्हटले की प्रत्येक गर्भपात हत्या ठरू लागतो. १९७१च्या कायद्याने स्त्रीला दिलेली सोय ही विसाव्या शतकातील तिच्या मोजक्या खऱ्या मिळकतींपैकी एक आहे. २०२१च्या दुरुस्तीने काही गटांसाठी ती मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. परंतु परळी प्रकरणानंतर महाराष्ट्रात कारवाईच्या धाकाने औषध दुकानांतून गर्भपाताच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. वास्तविक या गोळ्या गर्भारपणाच्या ज्या आठवड्यांत घेतात, तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. एका ढोबळ शब्दाने दोन निराळ्या गोष्टी एक केल्या आणि त्याची किंमत कायदेशीर मदत मागणाऱ्या बायांनी मोजली. भाषा शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

एक प्रश्न यातून उरतोच. मुलीचा गर्भ केवळ मुलीचा म्हणून पाडणे अनैतिक मानणारे आपण, डाउन्स सिंड्रोम असलेला गर्भ पाडण्यास मात्र मोकळीक देतो. हे दोन निर्णय सारखे नाहीत. एकात आजार आहे, दुसऱ्यात आजार नाहीच. तरीही 'कोणी जन्मावे हे समाजाच्या सोयीने ठरावे' हा धागा दोहोंत अंशतः समान आहे, आणि अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे तो दाखवून देतात तेव्हा त्यांना उडवून लावता येत नाही. मला याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. रक्ताची एक चाचणी आज जे सांगते त्याहून कितीतरी अधिक ती पुढे सांगू लागेल, तेव्हा हा प्रश्न लिंगापुरता राहणार नाही, एवढे मात्र दिसते.

गर्भलिंगनिदानाच्या या पन्नास वर्षांच्या इतिहासात यंत्रे बदलली, कायदे बदलले, सांकेतिक शब्द बदलले. मौन पाळण्याची सक्ती डॉक्टरवर आली, कारण जेव्हा बोलायला हवे होते तेव्हा तो बोलला नाही. तपासणीच्या टेबलाजवळ, नवरा आणि सासू समोर असताना, 'मी हे करणार नाही, आणि या बाईला पुन्हा कुठे नेऊही नका' हे वाक्य १९८६ साली उच्चारण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नव्हती. ५० पैकी आठ जण ही परीक्षा करत नव्हते. त्यांनी येणाऱ्यांना काय सांगून परत पाठवले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. वैद्यकीय नीतिशास्त्राचा मराठी पाठ लिहायचा झाला, तर त्याची सुरुवात त्या आठ जणांच्या न नोंदलेल्या वाक्यांपासून करावी लागेल.